वाळूवरची स्की आणि शटरिंगचं तेल

सन २०२३, जानेवारी महिना. मी चौसष्ट वर्षांचा होतो. म्हणजे पासपोर्टावर. आई म्हणायची त्या हिशेबाने एखाद-दोन वर्षं जास्तच. पण आखातात पासपोर्ट सांगेल तेच वय खरं, म्हणून मीही तेच धरून चालतो.

शाळा माझी चौथीत सुटली. वाडीतल्या सुताराचा पोरगा, हातात रंधा आला आणि पाटी गेली. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, असं लोक लिहितात ते मी लिहिणार नाही. मला कोणी सांभाळून घेतलेलं आवडत नाही. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

जवानीत कोकणातून निघालो तो एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन. तिला दोन बाजूंना दोन कड्या आहेत, पण दुसरी कडी मी कधी कुणाला धरू दिली नाही. विमानतळावर नाही, कॅम्पवर नाही. काम शटरिंगचं. काँक्रीट ओतायच्या आधी प्लाय आणि फळ्यांचा साचा उभा करतात, ते शटरिंग. साचा सुटताना काँक्रीटला चिकटून फुटू नये म्हणून फळीला आधी तेल पुसायचं असतं. नवा माणूस कामाला आला की मी त्याला पहिली गोष्ट तीच शिकवायचो. तेल नाही, तर फळी गेली. अबूधाबीत किती इमारतींच्या पोटात माझं तेल आहे ते देवाला ठाऊक.

वय झालं तसं कंपनीने मला अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या यार्डात ठेवलं. प्लाय मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, आणि मागच्या खोलीत चार माणसांबरोबर राहायचं. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. मुलगा जवळच, मोहम्मद बिन झायद सिटीत, बायको-मुलीसह. गाडीने निघालं तर हातातला चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. आमची ही गेली तेव्हापासून तो माझ्या मागे लागला होता, "आबा, आता घरी या."

मी म्हणायचो, "माझं घर आहे."

"ती खोली आहे, आबा. घर नाही."

"ज्या जागेत माझा खिळा भिंतीत आहे ते माझं घर."

खरं सांगायचं तर मला मुलाच्या घरी पाहुणा व्हायचं नव्हतं. आयुष्यभर मी माणसांना हाका मारल्या, तिथे जाऊन कुणी हाक मारायची वाट बघत सोफ्यावर बसू? शिवाय त्यांच्याकडे सगळ्या दारांना आवाज न करणाऱ्या बिजागऱ्या. सुताराला अशा घरात करमत नाही.

पण नुकत्याच झालेल्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली होती. सगळे ड्युटीवर गेल्यावर मी न्हाणीत घसरलो, गुडघा अडकला, आणि संध्याकाळी माणसं परत येईपर्यंत तिथेच लादीवर पडून होतो. फोन बाहेर उशाखाली वाजत होता. ऐकू येत होता, हात पोचत नव्हता. खोलीतल्यांना मी ताकीद दिली की मुलाला सांगायचं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. बरं केलं, हे मी आता म्हणतो. तेव्हा मी आठवडाभर कुणाशी बोललो नव्हतो.

तेव्हापासून मुलगा विनवणी सोडून हट्टावर आला, आणि हट्टात तो माझाच मुलगा.

आता स्की. सूनबाई रोज दुबईला, जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसात जाते. तिथला तिचा साहेब कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. त्याच्या गावाकडे म्हणे थंडीत लोक पायाला लांब पट्ट्या बांधून मैलोन्‌मैल बर्फावरून जातात. डोंगरावरून उडी मारायची ती स्की वेगळी. ही आपली सपाटीवरची, चालत-सरकत जायची. इथे बर्फ नाही तर वाळू तर आहे, म्हणून दर हिवाळ्यात तो ऑफिसातल्या लोकांना वाळवंटात घेऊन जायचा. पहाटेच्या दवाने वाळू बसलेली असते, तेव्हा पट्ट्या सरकतात. त्या वर्षी सूनबाईने सगळ्या घराचं नाव दिलं. मलाही धरलं, न विचारता.

जायच्या आदल्या दिवशी मुलगा गाडीत सगळ्या स्की घालून यार्डात आला. "आबा, यांचे स्क्रू ढिले झालेत. साहेब दुकानात देणार होता. मी म्हटलं, माझे वडील बघतील."

ते ऐकून मला बरं वाटलं. मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

स्की हातात घेऊन बघितल्या. बूट फक्त पंजाशी अडकतो, टाच मोकळी. म्हणजे माणसाने चालावं अशीच सोय. बाकीच्या प्लॅस्टिकच्या होत्या, पण एक जोडी लाकडाची, जुनी, पातळ, टोकाला वाफ देऊन वाकवलेली. मी त्या वाकणावरून कितीदा तरी बोट फिरवलं. मुलगा म्हणाला ती साहेबाच्या बापाची आहे.

स्क्रू घट्ट केले. मग उलटं करून बघतो तर प्रत्येक पट्टीच्या तळाला काहीतरी मेणचट मळ बसलेला. एवढ्या चांगल्या वस्तूचे हाल बघवेनात. पोलादी पत्री घेतली आणि सगळा मळ खरवडून काढला. तळ कोरडा ठणठणीत झाला. आता कोरडी फळी म्हटल्यावर हात आपोआप कुठे जाणार? डब्याकडे. चिंधी बुडवली आणि सगळ्या पट्ट्यांना, एकही न सोडता, शटरिंगचं तेल पुसलं. लाकडाच्या जोडीला दोनदा.

खोलीत स्वयंपाक करणारा, गुहागरकडचा, बाहेर येऊन बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, ह्याला पण तेल?"

म्हटलं, "काँक्रीट चिकटत नाही तिथे वाळूची काय टाप आहे?"

"तसंही आहेच," म्हणाला आणि आमटी ढवळायला गेला.

मी कुणाला काही बोललो नाही. म्हटलं, उद्या सरसर सुटल्या की सगळे विचारतील, तेव्हा सांगू.

पहाटे निघालो. मुलगा गाडी चालवत होता, सूनबाई त्याच्या शेजारी, मागे मी आणि नात. नात नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिचं तेवढं इंग्रजी मला कळतं. अल ऐनच्या रस्त्याला लागलो तसा मुलाने विषय काढला.

"आबा, पुढच्या महिन्यात खोली सोडा. मागची बेडरूम रिकामी केलीय."

"मला विचारून केलीस?"

"तुम्हाला विचारलं असतं तर झाली असती का?"

सूनबाई म्हणाली, "आबा, खिळा ठोकायला भिंत देते, मग तर झालं?"

"भाड्याच्या घरात खिळा ठोकला तर मालक डिपॉझिट कापेल," मी म्हटलं. मला तिच्या बोलण्यात चूक काढायला मिळाली की बरं वाटतं, आणि ती मुद्दाम चूक ठेवते असा माझा संशय आहे.

मुलगा काही सोडेना. मग मीच डोकं लढवलं. विचारलं, "तो तुमचा साहेब लोकांना कुठवर चालवतो?"

सूनबाई म्हणाली, "टेकाडापलीकडे लाल झेंडा लावतो. झेंड्याला हात लावायचा आणि परत यायचं."

"ठरलं तर मग. त्या झेंड्यापर्यंत मी कुणाचा हात न धरता गेलो, तर हा विषय खलास. परत तोंडातून काढायचा नाही. आणि हात धरावा लागला, तर मी पेटी घेऊन तुमच्या दारात."

मुलाने आरशातून बघितलं. "शब्द?"

"माझा शब्द काय आज बघतोस?"

नात मधेच म्हणाली, "आय ॲम द विटनेस."

मी म्हटलं, "हो बाई, तू साक्षीदार." मनात म्हटलं, माझ्या तेलापुढे या पोरांचं काय चालणार.

उंटांच्या कुंपणापलीकडे गाड्या लावल्या. ऑफिसातली आणखी दोन कुटुंबं आली होती. साहेब उंच, दाढीवाला, नाक लाल. त्याला अरबीत यल्ला आणि खलास येत होतं आणि मला इंग्रजी सोडून बाकी सगळं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याने स्क्रू हलवून बघितले, माझी पाठ थोपटली आणि ती लाकडाची जोडी मलाच दिली. "कार्पेंटर," म्हणाला. ते मला समजलं. बापाची वस्तू कोणी परक्याच्या पायात घालत नाही. त्याने घातली.

सगळ्यांनी बूट अडकवले, काठ्या धरल्या. साहेब पुढे. वाळू थंडगार, वर दवाचा थर. साहेब ओरडला, "यल्ला!" आणि रोजच्या सवयीने जोरात पाय ढकलला.

स्की जागची हलली नाही. साहेब मात्र निघाला. तोंडावर.

त्याच्या मागचे दोघे त्याच चालीने पडले. सूनबाईने पाय ढकलला तर खर्रर्र असा आवाज, जुन्या करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. मुलगा कमरेत वाकून तसाच उभा. सगळ्यांना वाटलं आपलंच काही चुकतंय, म्हणून सगळे आणखी जोर लावून आणखी पडले. कुंपणापलीकडचे उंट रवंथ थांबवून बघायला लागले.

साहेबाने बसून पाय वर केला आणि तळ बघितला. सुरमई रव्यात घोळवून तव्यात सोडावी तशी ती पट्टी वाळूत घोळलेली. बोटभर थर. त्याने बोट लावलं, वास घेतला, मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

आता मी लपणारा माणूस नाही. छाती पुढे काढून म्हटलं, "मैंने लगाया. शटरिंग का तेल. एक नंबर."

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सूनबाईने साहेबाला इंग्रजीत सांगितलं, बरंच लांबवून सांगितलं, मग मला मराठीत. मला एवढंच कळलं की तो मळ मळ नव्हता. तेच ते मेण, जे साहेब दरवर्षी स्वतः घासून लावायचा, आणि त्यानेच स्की सरकायची. तेलाने काँक्रीट सुटतं ते एकसंध घट्ट होतं म्हणून. सुट्या वाळूला तेल म्हणजे गोंद.

मी वाट बघत होतो साहेब काय बोलतो त्याची. त्याच्या बापाची वस्तू, त्याचा वर्षाचा एक दिवस, त्याच्या ऑफिसचे लोक. माझ्या यार्डात कुणी असं केलं असतं तर मी त्याला संध्याकाळपर्यंत शिव्या घातल्या असत्या. साहेबाने वर केलेला पाय खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो वाळूत आडवा होऊन हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्याला बघून सगळेच. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मुलगा म्हणाला, "आबा, चला, खलास झालं. चहा पिऊ."

"झेंडा तिथेच आहे ना?"

"आबा!"

"शब्द झेंड्याचा होता. सरकण्याचा नव्हता."

बाकीच्यांनी पट्ट्या सोडल्या. मी सोडल्या नाहीत. पाय उचलून टाकत निघालो, ओल्या काँक्रीटमधून गमबूट घालून चालतात तसा. आणि गंमत बघा, टेकाडाच्या चढावर माझ्या तेलाने काम केलं. वाळू चिकटलेली पट्टी मागे घसरतच नव्हती. घट्ट धरायची. मी धापा टाकत पण सरळ वर चढलो. खालून साहेब टाळ्या वाजवायला लागला, "ब्राव्हो!" मी माथ्यावर उभा राहून काठी उंचावली. आयुष्यात इतका ताठ मी क्वचित उभा राहिलो असेन.

पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी लाल झेंडा दिसत होता. आता फक्त उतरायचं. उतारावर तरी सरकेल, असं धरून मी अंग पुढे झोकलं. अंग गेलं, पट्ट्या माथ्यावरच राहिल्या. मग त्याही आल्या, पण माझ्या डोक्यावरून.

थांबलो तेव्हा मी पाठीवर होतो. दोन्ही स्कींची एकमेकांत कात्री झालेली, टोकं आकाशाकडे. एक काठी वर राहिली, एक पाठीखाली. टोपी कुठे गेली पत्ता नाही. मोडलं काही नव्हतं. झेंडा अगदी जवळ, आणखी दोन माणसं आडवी झोपली असती तर लागला असता.

उठायला गेलो. कुशीवर वळलो की पट्ट्या आडव्या येत. वाकून बूट सोडवायला जावं तर गुडघा वाकेना. उलट्या झुरळासारखा हातपाय हलवून दमलो. मग पडून राहिलो. टेकाडाच्या अलीकडचा आवाज पलीकडे येत नव्हता. नुसतं आकाश, आणि माझा श्वास. मला न्हाणीतली लादी आठवली, आणि उशाखाली वाजणारा फोन. लादीवर पडलेलो असताना सगळ्यात वाईट काय होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुखणं नव्हे. मी हाकच मारली नव्हती. शेजारच्या गॅरेजात माणसं होती. एक ओरड पुरली असती. मिस्त्री न्हाणीत पडला असं लोकांनी म्हणू नये म्हणून दिवसभर गप्प पडलो होतो.

वरून वाळू सुटली. नात ढुंगणावर बसून घसरत खाली आली, माझ्या शेजारी थांबली.

"आजोबा, आर यू डेड?"

"नाही गं. आकाश बघतोय."

तिने माझ्याकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं. हात पुढे केला, आणि लगेच मागे घेऊन जॅकेटच्या खिशात घातला. दोन्ही हात.

"आय कान्ट गिव्ह यू माय हँड. देन यू लूज."

मी म्हटलं, "मग बरंच की. तुला मी हरायला हवाय ना? तुमच्या घरी यायला?"

"येस." मग पायाने वाळू उकरत, "बट नॉट लाइक धिस. तुम्ही सॅड व्हाल."

तिच्या तोंडून एवढं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. मी परत एकदा उठायचा प्रयत्न केला. परत कात्री. ती खिशात हात घालून वाट बघत राहिली, ओठ दाबून, हसू येऊ नये म्हणून. मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. पळत गेली, झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरली आणि उपटायला लागली.

"काय करतेस?"

"आय विल ब्रिंग इट हिअर. तुम्ही टच करा. देन यू विन. मी कुणाला सांगणार नाही, प्रॉमिस."

मागची बेडरूम रिकामी करताना तिने आपली खेळणी स्वतः दुसरीकडे हलवली होती, हे सूनबाईने मला येताना गाडीत सांगितलं होतं. आणि ती पोर माझ्यासाठी झेंडा उपटत होती. मी जिंकावं म्हणून. मग मी येणार नाही, हे ठाऊक असूनही.

म्हटलं, "झेंडा राहू दे तिथेच."

"बट आजोबा..."

"राहू दे म्हटलं. इकडे ये. हात दे."

"शुअर?"

"हो. दे हात. दोन्ही दे, मी जड आहे."

तिने दिले. ओढताना एकदा तीच माझ्यावर पडली. मग आधी बूट सोडवले, मग मी उठलो, तिच्या खांद्याला धरून. तेवढ्यात माथ्यावर मुलगा आला, धावत आलेला, तोंड उतरलेलं. आम्हाला हातात हात घालून उभं बघितलं. मी तयारीत होतो, आता हा बोलणार, शब्दाची आठवण करून देणार. माझा मुलगा आहे, मी असतो तर बोललो असतो.

तो एवढंच म्हणाला, "आबा, चहा निवतोय."

त्या न बोलण्याबद्दल मी त्याचा जितका ऋणी आहे तितका दुसऱ्या कशाबद्दल नाही. आणि हे त्याच्या तोंडावर मी काही बोलणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गाड्यांपाशी सूनबाईने चादर अंथरली होती. डब्यात घावणे आणि चटणी. साहेबाने घावणे मागून मागून खाल्ले आणि दर घावण्यानंतर डबा नाकाशी नेऊन विचारायचा, "शटरिंग ऑइल?" सगळे हसायचे. मीही हसलो. माझ्यावर माणसं हसली आणि मी त्यांच्यात बसून हसलो, हे मला वाटतं पहिल्यांदाच. गुडघा दुखत होता. मी सूनबाईला सांगितलं की दुखतोय. तिने पटकन मान वळवली, मग पाण्याची थंड बाटली आणून गुडघ्यावर धरली.

निघताना मी साहेबाला म्हटलं, स्की आज माझ्याकडे राहू देत. त्याने जराही विचार न करता सगळ्या आमच्या गाडीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठलो. यार्डात स्की ओळीने मांडल्या आणि घासलेट व लाकडाचा भुसा घेऊन सगळं तेल पुसून काढलं. लाकडाची जोडी आधी, आणि तिला घासलेटही लावलं नाही, नुसत्या भुशाने चोळली. वरून कशालाही काही लावलं नाही. ज्याचं मेण त्याने लावावं. मग अंघोळ करून कपडे पेटीत भरले. भिंतीतला खिळा तसाच ठेवला, पुढच्या माणसाला लागेल. स्वयंपाकवाल्याला सांगितलं, रात्री माझी भाकरी टाकू नकोस. मुलगा दहाला गाडी घेऊन येणार होता, पण मी थांबलो नाही. यार्डाच्या पिकअपमध्ये स्की आणि पेटी टाकली, ड्रायव्हरला उठवलं आणि त्यांच्या दारात जाऊन बेल दाबली.

दार नातीने उघडलं. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. पेटी बघून पूर्ण उघडले.

मी म्हटलं, "बघत काय बसलीस? ती कडी धर तिकडची. एकट्याला जड होतेय."